लढाईच्या पाटीवरचा आकडा आणि हरवलेली नावं : ग्रामसभांना खुलं पत्र

प्रति,
सातारा, रत्नागिरी, रायगड, पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांत ज्या ज्या गावी १९१४-१९१९ च्या लढाईची संगमरवरी पाटी आहे, त्या गावांचे सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामसभेतले समस्त ग्रामस्थ यांस

रामराम मंडळी,

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आमची जुनी चावडी अर्धी पाडून झाली होती. वासे एका बाजूला, कौलं दुसऱ्या बाजूला, मध्ये नव्या इमारतीचा पाया. आणि सिमेंटच्या गोण्यांच्या थप्पीमागे, तोंड भिंतीकडे करून, एक पांढरी फरशी टेकवून ठेवलेली. मी ती लहानपणापासून चावडीच्या ओसरीत भिंतीत बसवलेली पाहिली होती. तिच्याखाली बसून म्हातारी माणसं तंबाखू मळायची. तिच्या वरच्या खिळ्याला दरवर्षी नवं कॅलेंडर लागायचं, ते खाली लोंबून निम्मी अक्षरं झाकायचं. "लढाईची पाटी" एवढंच तिचं नाव. कसली लढाई, कोण गेलं, हे आम्ही पोरांनी कधी विचारलं नाही आणि कुणी आपणहून सांगितलंही नाही.

गवंड्याच्या हाताखालच्या एका पोराने हात दिला, दोघांनी मिळून ती फिरवली. तिच्यावर ऑइलपेंटचे दोन हात चढले होते, खाली निळा, वर पिवळा. चावडी रंगवताना कुणीतरी भिंतीबरोबर तिच्यावरूनही ब्रश फिरवलेला. घरून बादलीभर पाणी आणि नारळाचा काथ्या आणला आणि घासत बसलो. अक्षरं कोरीव आहेत. त्यांतला काळा रंग बहुतेक उडालाय, पण बोट फिरवलं की खाच लागते. मजकूर इंग्रजीत आहे. मराठीत सांगायचा तर असा : या गावातून अमुक माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेली. त्यांतल्या अमुक जणांनी आपले प्राण दिले.

संपलं. दोन ओळी, दोन आकडे. मी मुद्दाम अमुक लिहितोय, कारण हे पत्र एकट्या आमच्या गावाचं नाही. तुमच्या पाटीवरही हाच मजकूर आहे, आकडे तेवढे वेगळे. कुठे ती चावडीत आहे, कुठे शाळेच्या भिंतीत, कुठे देवळाच्या आवारात. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरीने त्या युद्धात ४६ जवान गमावले, म्हणून त्या गावाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्या गावाने चार गमावले, दोन गमावले, त्याही गावाला सरकारने पाटी दिली. माणसं परत देता आली नाहीत, आकडे दिले.

मी त्या ओल्या पाटीसमोर बराच वेळ बसून होतो. कोरलेला आकडा समोर होता आणि त्यातलं एकही नाव मला सांगता येत नव्हतं. नाही म्हणायला एक येत होतं, त्याबद्दल पुढे लिहितो. बाकीच्यांची नावं आख्ख्या गावात कुणालाच सांगता येत नव्हती. मी दोन दिवस घरोघर विचारत फिरलो.

म्हणून हे पत्र. माझं मागणं एकच आहे. पाटीवरच्या आकड्यामागची नावं प्रत्येक गावाने शोधून काढावीत आणि ग्रामसभेत उभं राहून वाचावीत.

आमच्या घरातल्या माणसाबद्दल आधी सांगतो. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ त्या लढाईत गेले. आजी त्यांना "लढाईतले मामंजी" म्हणायची. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती या घरात लग्न होऊन आली त्याच्या कितीतरी वर्षं आधी ते गेलेले. पण त्यांचं मेडल देव्हाऱ्यात होतं, टाकांच्या शेजारी. दसऱ्याला शस्त्रांबरोबर तेही बाहेर निघायचं. आजी ते चिंचेने घासायची, हळदकुंकू लावायची. चांदीचं मेडल, एका बाजूला पंचम जॉर्जचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. इतकी वर्षं घासून घासून बादशहाचं नाकडोळे सगळं गेलं, आता नुसता उंचवटा राहिलाय. पण त्या मेडलच्या कडेवर, जिथे चिंच पोहोचत नाही, तिथे बारीक अक्षरं आहेत. भिंगाखाली धरली तर वाचता येतात. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण : ११७ मराठाज.

ज्यांच्या घरात असं मेडल आहे त्यांनी आजच त्याची कड बघा. त्या युद्धाच्या चांदीच्या मेडलांवर माणसाचं नाव कडेवर ठोकलेलं असतं. किती मेडलं दुष्काळात सोनाराच्या मुशीत गेली असतील देव जाणे, पण जी उरली आहेत ती बोलतात. मृताच्या घरी ब्राँझची एक मोठी गोल चकतीही पाठवली जायची, तिच्यावरही नाव असतं. ती कुठे माळ्यावर, कुठे धान्याच्या कणगीवर झाकण म्हणून पडलेली असेल, तर खाली उतरवा.

आता ही माणसं गेली कुठे, ते. आमच्याकडची म्हातारी माणसं "जर्मनची लढाई" म्हणत, पण आपल्या भागातल्या पुष्कळ शिपायांची गाठ जर्मनांशी पडलीच नाही. त्यांना बोटीने बसऱ्याला नेलं, आजच्या इराकमध्ये, तुर्कांशी लढायला. नोव्हेंबर १९१४ मध्ये तिथे उतरलेल्या फौजेला नावच पुणे डिव्हिजन होतं, सहावी पुणे डिव्हिजन. त्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. एप्रिल १९१५ मध्ये बसऱ्याजवळच्या शैबाला त्या लढल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी लढाई झाली, माणसं फार पडली आणि फौज मागे फिरली. मागे येत कुत-अल-अमारा या गावात शिरली. तैग्रिस नदीच्या वळणात वसलेलं ते गाव, तीन बाजूंना पाणी. तिथे तुर्कांनी तिला कोंडलं.

७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. पाच महिने. आत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. दाणागोटा संपत गेला तसे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. आपल्या शिपायांतल्या फार जणांनी ते मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातून धर्माचार्यांची संमती मागवून ती त्यांना कळवण्यात आली, तरी अनेक जण शेवटी शेवटीच कसेबसे तयार झाले, गावी परतल्यावर जातीत घेतील का ही धास्ती पोटात ठेवून. वाट्याला जवाचं पीठ मूठ मूठ. भाजीपाला नाही म्हणून हिरड्या सुजणं, दात हलणं, स्कर्व्ही. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेत आपलीच माणसं होती आणि ती तिथल्या चिखलात मेली. त्या प्रयत्नांत २३ हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि तरी वेढा सुटला नाही.

२९ एप्रिलला सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. सगळ्यांत वाईट ते त्यानंतर. मे-जूनच्या उन्हात, उपाशी, आजारी, फाटक्या बुटांनी त्यांना वाळवंटातून चालवत उत्तरेला नेलं. जी पोहोचली त्यांतल्या अनेकांना आजच्या सीरियातल्या रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. वाटेवर जी खाली बसली, ती तिथेच राहिली. कबर नाही, चिता नाही.

आमच्या घरात या सगळ्यातलं एक अक्षर कुणाला ठाऊक नव्हतं. आजीने सांगितलेली गोष्ट एवढीच होती की पत्र यायचं थांबलं. मामंजी मेले की कैदेत आहेत हे कळेना. थोरल्या आत्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सरकारी कागद येईपर्यंत कुंकू पुसलं नाही. भावकीतल्या बायका बोलायच्या, त्या ऐकून घ्यायच्या. कागद कधी आला ते आजीला माहीत नव्हतं. मरणाची तिथी माहीत नाही म्हणून त्यांचं पान सर्वपित्रीला वाढलं जायचं. अगदी आतापर्यंत तेव्हाच वाढत आलो.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे महायुद्धांतल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर मेडलवरचा नंबर आणि पलटण घालून शोध घेतला. पहिल्या चार-पाच वेळा काही आलं नाही. मग तिने नावाचं स्पेलिंग वेडंवाकडं करून पाहिलं, गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं असेल तसं. आणि नोंद उघडली. नंबर तोच. वडिलांचं नाव आमच्या वंशावळीतलं. गावाचं नाव मोडकंतोडकं, पण आमचंच. जिल्हा सातारा. तारीख १९१६ च्या उन्हाळ्यातली, म्हणजे कुत पडल्यानंतरची, कैदेतली. माझे वडील ८० च्या पुढे आहेत. त्यांना ती तारीख वाचून दाखवली. त्यांनी पंचांग मागितलं, तिथी काढायला.

एवढ्यासाठी मी तुम्हाला लिहितोय. आमच्या घरात शंभर वर्षं जे पान "तिथी माहीत नाही" म्हणून अमावास्येला वाढलं जात होतं, त्याला तिथी मिळाली. तुमच्या गावच्या आकड्यातल्या प्रत्येक माणसाच्या मागे असं एक घर आहे. काही घरं अजून नांदती आहेत, काहींचे वाडे पडले, काहींची माणसं गिरणीत काम करायला मुंबईला गेली ती तिकडचीच झाली.

हे बोलायला लागलो की एक प्रश्न हमखास येतो, आमच्या पारावरही आला. लढाई इंग्रजांची, साम्राज्य इंग्रजांचं, त्यांच्यासाठी मेलेल्यांचं स्मरण आपण का करायचं? विचारणारा पोरगा कॉलेजात शिकतो आणि त्याने ते मनापासून विचारलं. प्रश्न रास्त आहे, तो टाळू नये. ही लढाई आपली नव्हती. ती करायची की नाही हे आपल्याला कुणी विचारलं नाही. बसऱ्याला फौज उतरली ती तेलाच्या आणि वाटांच्या बंदोबस्तासाठी, तिथल्या लोकांवर राज्य करायला, आणि आपली माणसं त्या कामाला वापरली गेली. हे लपवून नुसत्या शौर्याच्या कमानी उभारल्या तर तो त्या माणसांवरही अन्याय होईल आणि इराकातल्या माणसांवरही. त्या काळीही आपल्या लोकांना हे कळत होतं. जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नरने युद्धपरिषद बोलावली. तिथे लोकमान्य टिळक भरतीबरोबर स्वराज्याचं बोलू लागले, तेव्हा त्यांना अडवण्यात आलं आणि ते सभा सोडून निघून गेले.

पण जो शिपाई भरती झाला त्याने साम्राज्याचा विचार करून नाव नोंदवलं नव्हतं. महिना ११ रुपये पगार होता. डोंगरउतारावरची दोन-चार बिघे जमीन, तीत चार भावांची पोटं, वर सारा आणि सावकार. कुणी बापाची पलटण म्हणून गेला, कुणी पाटलाने नाव दिलं म्हणून गेला. त्याच्या मरणाला साम्राज्य जबाबदार आहे, तो नाही. ज्या सरकारने त्याला नेलं त्याने त्याचा आकडा करून पाठवला. आपण त्याला नावाने हाक मारली तर साम्राज्याचा गौरव कसा होईल? मला तर उलट वाटतं. जोवर पाटीवर नुसता आकडा आहे, तोवर ती पाटी इंग्रज सरकारची आहे. नावं लागली की ती गावाची होईल.

हे मला नीट समजलं ते पुण्यात, खडकीच्या युद्धस्मशानभूमीत. मी पुण्यात राहतो, तिथून अनेकदा गेलोय, आत कधी शिरलो नव्हतो. दिवाळीनंतर गेलो. हिरवळ कापलेली, प्रत्येक दगडाच्या पायाशी फुलझाडं, माळी पाणी घालत होता. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून जास्त सैनिकांच्या तिथे कबरी आहेत. प्रत्येकाला एकसारखा दगड, त्यावर पलटणीचं चिन्ह, नाव, तारीख, वय, कुठे कुठे आईबापांनी लिहायला सांगितलेली ओळ. शिपाई आणि साहेब यांच्या दगडात फरक नाही. वॉर ग्रेव्हज कमिशन १९१७ मध्ये स्थापन झालं आणि त्याचं तत्त्वच हे आहे की हुद्दा, वंश, धर्म काही न बघता प्रत्येक मृताला सारखा मान. मी तिथे तासभर फिरलो. वीस-बावीस वर्षांची परक्या मुलखातली पोरं, त्यांची नावं कुणीतरी जपलीत याचं मला बरं वाटलं. आणि त्याच वेळी ती चावडीमागची पाटी डोळ्यांसमोर येत होती.

कारण आमचे मामंजी ज्या स्मारकावर आहेत, त्या बसऱ्याच्या स्मारकावर हे तत्त्व पाळलं गेलं नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून जास्त माणसांचं ते स्मारक. १९२९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. गोऱ्या शिपायांची नावं भिंतीवर कोरली. आपल्यातल्या सुभेदार-जमादारांची कोरली. आपल्या शिपायांचे मात्र पलटणीखाली आकडे टाकले. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते स्मारकच मूळ जागेवरून उचलून बसऱ्यापासून ३२ किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्याला नेऊन ठेवलं. साताऱ्याच्या एखाद्या पणतूने तिथे जाऊन नारळ फोडावा ही गोष्ट शक्यतेतली नाही. गेला तरी त्याला भिंतीवर आकडाच दिसेल. तिकडे आकडा, इकडे चावडीत आकडा.

एप्रिल २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीचा अहवाल आला, त्यात हे सगळं कबूल केलंय. आशिया-आफ्रिकेतल्या अंदाजे ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण इतरांच्या बरोबरीने झालं नाही. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं अशी, की त्यांची नावं कुठे लागलीच नाहीत, काहींचं तर बहुधा स्मारकच झालं नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. ते त्यांचं काम होतं, उशिरा का होईना त्यांनी सुरू केलं. आपल्या वाट्याचं काम दुसरं कुणी करणार नाही, कारण कोणता "रामजी" कोणत्या घरातला हे लंडनमध्ये बसून कुणाला कळणार? ते आळीतल्या म्हातारीला कळतं.

नावं सापडतात, हे मी अनुभवाने सांगतो. एक वाट मेडलची आणि संकेतस्थळाची, ती सांगितली. दुसरी वाट तुमच्या तालुक्याच्या रेकॉर्डरूममध्ये आहे. १९१५ ते १९२२ चे फेरफार काढा. जमीनधारक मेला की वारसाची नोंद होते, आणि कशाने मेला हे कधी कधी तलाठ्याने लिहून ठेवलेलं असतं. आमच्या गावच्या रजिस्टरमध्ये मला दोन नोंदी अशा मिळाल्या, की खातेदार लढाईत मयत, वारस म्हणून बायकोचं नाव. त्यांतलं एक नाव थोरल्या आत्याबाईंचं. आजीने उभ्या आयुष्यात त्यांचं नाव घेतलं नाही, थोरल्या आत्याबाई एवढंच म्हणायची. ते नाव मी पहिल्यांदा त्या कागदावर वाचलं. वाचलं म्हणजे मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनी वाचून दाखवलं. ही रजिस्टरं मोडीत आहेत, तेव्हा मोडीचा जाणकार बरोबर न्या. जातीच्या दाखल्यांसाठी लोक ज्या मोडी जाणकारांना शोधतात तेच हे, आणि कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, त्याही तीच बघा. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बघा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, तिथे ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र लिहा.

पंजाबात काय झालं ते बघा. १९१९ मध्ये तिथल्या सरकारने गाववार याद्या करून घेतल्या होत्या. त्या लाहोरच्या म्युझियममध्ये पडून होत्या. २०२१ मध्ये त्या लोकांसाठी खुल्या करायला सुरुवात झाली, सुमारे ३ लाख २० हजार माणसांच्या नोंदी. परदेशात राहणारी माणसं त्यात आपल्या पणजोबांचं गाव शोधून काढतायत. आपल्याकडे तशी आयती यादी माझ्या बघण्यात नाही. आपली यादी आपल्यालाच गावागावातून जमवावी लागेल. पण आपल्याकडे पाटी आहे, आणि तिच्यावरचा आकडा ही मोठी सोय आहे. यादी पुरी झाली की नाही हे तो आकडा सांगतो. पाटी नऊ म्हणत असेल आणि यादीत सहा नावं असतील, तर तीन घरं अजून आपण विचारलेली नाहीत.

आणि ही घरं कुठे असतील, याचा विचार ग्रामसभेने प्रामाणिकपणे करावा. पाटी एक आहे आणि तिच्यावरचा आकडाही एक आहे, त्यात जातीचे रकाने नाहीत. मराठा पलटणींत मराठे होते तसे दख्खनी मुसलमानही होते. महारांची भरती सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती, माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि काम झाल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. लढणाऱ्यांच्या मागे पाणके, स्वयंपाकी, घोडी सांभाळणारे मोतद्दार, डोलीवाले, मजूर गेले, तेही मेले. आमच्या गावात मी पहिल्या दिवशी फक्त आमच्या आळीत आणि वरच्या आळीत विचारलं. दुसऱ्या दिवशी बौद्धवाडीत गेलो, तेव्हा एका आजींनी सांगितलं की त्यांच्या सासऱ्यांचा भाऊ "बसऱ्याला" गेला तो आला नाही. "बसरा" हा शब्द माझ्या आजीच्याही तोंडात नव्हता, त्यांच्या होता. शंभर वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, मीही पहिल्या दिवशी विचारलं नाही, याची मला लाज वाटते. मुसलमान मोहल्ल्यात, धनगरवाड्यात, रामोशी वस्तीत, मुंबईला गेलेल्यांच्या घरी, सगळीकडे माणसं पाठवा. जी घरं गाव सोडून गेली त्यांच्याबद्दल शेजाऱ्यांना विचारा.

जी माणसं परत आली त्यांची नावंही लिहा. पाटीवरचा पहिला आकडा त्यांच्यासह आहे. त्यांतले काही १९१८-१९ मध्ये घरी आले तर घरात कुणी नव्हतं, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीने बायकामुलं उचलली होती. लढाईतून वाचलेला माणूस उंबऱ्यात उभा आणि आतून हाक नाही. तेही गावाने सोसलंय.

पाटीचं काय करायचं, तेही लिहितो, कारण जुन्या चावड्या भराभर पाडल्या जातायत. पाडकामाआधी पाटी काढून घ्या, गवंड्याला आधी सांगून, छिन्नी हळू चालवून. रंग देऊ नका. ॲसिडने धुऊ नका, संगमरवर खाऊन जातं. साधं पाणी आणि काथ्या पुरे. नव्या इमारतीत ती दर्शनी भिंतीत, डोळ्यांच्या उंचीला बसवा आणि तिच्या शेजारी दुसरी पाटी लावा, मराठीत, नावांची. जुन्या पाटीवर नवीन काही कोरू नका, ती जशी आहे तशी राहू दे. नवीन पाटीवर उद्घाटकांची नावं नकोत, माझी एवढी विनंती ऐका. जागा गेलेल्या माणसांसाठी आहे.

वाचन कधी करायचं? माझ्या मनात पहिल्यांदा पितृपक्षातली चतुर्दशी आली होती. शस्त्राने मेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी करतात, पंचांगात तसं छापलेलंच असतं. बौद्धवाडीतल्या त्या आजींच्या नातवाशी बोललो. तो म्हणाला, "काका, श्राद्ध तुम्ही घरी करा, नावं सगळ्यांच्यात वाचा." ते मला पटलं. २६ जानेवारीची ग्रामसभा होतेच, सगळी वाडीवस्ती झेंड्याला जमते. झेंडावंदन झालं की नावं वाचावीत. वाचणारा त्या त्या घरातला असावा, घर नसेल तर शाळेतल्या पोरांनी वाचावं. नाव, बापाचं नाव, पलटण, सापडली असेल तर तारीख. भाषण नको.

आमच्या गावच्या ग्रामसभेपुढे मी हा विषय लेखी दिला आहे. आतापर्यंत पाटीवरच्या मृतांच्या आकड्यातली निम्मी नावं सापडली आहेत. ती मी इथे लिहीत नाही, आधी गावात वाचली जावीत. राहिलेल्यांसाठी येत्या महिन्यात मी पुन्हा तालुक्याला जाणार आहे, फेरफाराची दोन रजिस्टरं बघायची राहिली आहेत. मोडी वाचणारे गृहस्थ बरोबर येतो म्हणालेत.

पाटी सध्या आमच्या चुलत्यांच्या पडवीत आहे, गोणपाटावर, तोंड वर करून. कुणाला बघायची असेल तर दार दिवसभर उघडं असतं.

आपला,
साताऱ्याकडचा, सध्या मुक्काम पुणे